जावा २५० : घरच्या शेडमधील पुनर्बांधणीच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

मामांची १९६९ सालची जावा २५० आज गगनबावडा तालुक्यातील त्यांच्या गावाहून टेम्पोने कोल्हापुरात आणून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरीत असताना मामांनी हिच्यावरून तालुक्यातील वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या, आणि निवृत्तीनंतर ती गोठ्याशेजारच्या खोलीत कडब्याच्या आडोशाला तशीच उभी राहिली. इंजिन जाम आहे. टाकीच्या आत गंजाचे पापुद्रे सुटले आहेत, मागच्या मडगार्डचे खालचे टोक कुजले आहे, आणि कोणीतरी हेडलाइटमध्ये १२ व्होल्टचा होल्डर बसवण्याच्या प्रयत्नात मूळ वायरिंग मध्येच तोडून ठेवले आहे. मात्र दोन्ही सायलेन्सर, बंदिस्त चेनकव्हर, हेडलाइटच्या कवचातील स्पीडोमीटर आणि टाकीवरील सोनेरी रेघा जागेवर आहेत, ही फार मोठी जमेची बाजू आहे.

कामाचे सूत्र पाना हातात घेण्याआधीच ठरवून टाकतो. जो भाग यंत्र म्हणून झिजला आहे तो नवा करायचा किंवा दुरुस्त करायचा, आणि जो केवळ जुना दिसतो तो आहे तसा राखायचा. शोरूममधून नुकतीच बाहेर पडल्यासारखी चकचकीत गाडी मला नको आहे, कारण म्हैसूरच्या कारखान्यात चढलेला रंग एकदा खरवडला की तो कितीही पैसे मोजून परत येत नाही. प्रत्येक सुटा भाग उघडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढायचे, नटबोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवून चिठ्ठी लावायची, आणि बदललेला कोणताही भाग फेकून न देता पेटीत जपायचा, असेही ठरवले आहे.

११ जानेवारी

आज फक्त ओळख पटवण्याचे काम केले. स्टिअरिंगच्या मानेवरील चॅसिस क्रमांक आणि क्रँककेसवरील (इंजिनाच्या खालच्या पेटीवरील) इंजिन क्रमांक रॉकेल व मऊ ब्रशने साफ करून आर. सी. बुकाशी ताडून पाहिले, दोन्ही जुळतात.

ही टाइप ३५३ या घराण्यातील गाडी आहे. मुंबईच्या इराणी कुटुंबातील रुस्तम व फारोख इराणी यांनी आधी चेकोस्लोव्हाकियातील जावा आयात करून विकल्या आणि १९६१पासून म्हैसूरच्या यादवगिरी भागातील आयडियल जावाच्या कारखान्यात त्या तयार होऊ लागल्या. पुढे येझदी हे नाव आले आणि १९९६मध्ये कारखाना बंद पडला. कारखाना बंद असला तरी सुटे भाग बनवणारे छोटे कारागीर टिकून आहेत आणि मूळ चेक बनावटीचे भागही मिळू शकतात, त्यामुळे या वयाच्या इतर अनेक गाड्यांपेक्षा जावाचे काम सुकर आहे.

इंजिन टू-स्ट्रोक, एका सिलिंडरचे, ६५ मि.मी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७५ मि.मी. स्ट्रोकचे (पिस्टनच्या धावेचे) आहे. एका सिलिंडरला दोन एक्झॉस्ट आणि म्हणून दोन सायलेन्सर, ही तिची ठेवण.

२६ जानेवारी

स्पार्क प्लगच्या छिद्रातून डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल समप्रमाणात मिसळून सिलिंडरमध्ये सोडले होते आणि ते मुरू दिले होते. जाम इंजिन सोडवण्यासाठी किकवर उभे राहून शरीराचा भार टाकण्याचा मोह अनेकांना होतो. जावाच्या बाबतीत तो कटाक्षाने टाळावा, कारण हिच्यात किक आणि गिअर यांचा दांडा एकच आहे. तो आत ढकलून वर उचलला की किक होतो आणि खाली आणला की गिअर. त्या शाफ्टचे दाते उडाले तर दोन्ही कामे एकदमच जातात.

आज हेड काढले, पिस्टनच्या माथ्यावर सागवानी ठोकळा ठेवला आणि रबरी हातोड्याने हलके ठोके देत गेलो. पिस्टन केसभर सरकला, तेवढ्यावर थांबून पुन्हा तेल सोडले आणि संध्याकाळी तो खाली उतरला. बिडाच्या सिलिंडरला मधोमध गंजाचा कडा पडला आहे, नखाला सहज लागतो. वरची रिंग खाचेत चिकटली आहे. हे होनिंगवर, म्हणजे घासदगडाने आतून गुळगुळीत करण्यावर, भागणारे प्रकरण नाही, बोअरच करावा, म्हणजे सिलिंडर आतून मोठा कापून घ्यावा लागेल.

९ फेब्रुवारी

इंजिन फ्रेममधून उतरवून क्रँककेसचे दोन भाग वेगळे केले. दोन्ही बाजूंचे ऑइल सील कडक होऊन तडकले आहेत. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हा नुसता खोका नसून पेट्रोलमिश्रित हवा ओढून घेणारा आणि वर ढकलणारा पंप असतो. तो हवाबंद नसेल तर बाकी सगळे नवे घालूनही इंजिन सुधारत नाही. डाव्या बाजूचा सील गळला तर क्लचच्या बाजूचे गिअरतेल आत ओढले जाते आणि दोन्ही सायलेन्सरमधून धूर थांबत नाही. उजव्या, म्हणजे डायनॅमोच्या बाजूचा सील गळला तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. म्हणून बेरिंग, सील आणि पॅकिंग यांत काटकसर करणार नाही.

कनेक्टिंग रॉड हातात धरून वरखाली हलवला तेव्हा टकटक स्पष्ट जाणवली. बाजूला थोडी हालचाल असणे अपेक्षितच असते, वरखाली मात्र ती मुळीच चालत नाही. रॉडचे पूर्ण किट बदलावे लागेल. गिअरचे दात पाहून समाधान वाटले; मामांनी गिअरबॉक्सच्या तेलाकडे दुर्लक्ष केलेले नाही.

१ मार्च

शिवाजी उद्यमनगरात सिलिंडर आणि क्रँक घेऊन गेलो. कोल्हापूरला ऑइल इंजिनांची, फाउंड्रीची आणि लेथची इतकी जुनी परंपरा आहे की बिडाचा सिलिंडर कसा धरावा हे इथल्या टर्नरला सांगावे लागत नाही. तरीही टू-स्ट्रोकच्या सिलिंडरबाबत बोलणे आवश्यक असते, म्हणून मी कामाच्या वेळी तिथेच थांबलो.

सिलिंडर ६५.५० मि.मी.पर्यंत बोअर करायचे ठरले, ६५.२५वर गंजाचा कडा पूर्ण निघत नव्हता. नवा पिस्टन आधी हातात असल्याशिवाय बोअर करायला देऊ नये, कारण पिस्टनवर छापलेले माप आणि मायक्रोमीटरवर येणारे माप यांत फरक निघतो आणि बोअर हा त्या विशिष्ट पिस्टनसाठीच करायचा असतो. पिस्टनच्या स्कर्टला (खालच्या भागाला) ०.०७ मि.मी. जागा ठेवली. टर्नर ती थोडी कमी ठेवण्याच्या मताचे होते. “साहेब, घट्ट ठेवली तर इंजिन जास्त टिकतंय बघा,” असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना म्हणालो, “अहो, वाऱ्यावर थंड होणारं बिडाचं इंजिन आहे, आणि आता पेट्रोलही पूर्वीचं राहिलं नाही, घाटात तापलं तर जागा लागेल.” त्यांना ते पटले.

बोअर झाल्यावर सर्वांत महत्त्वाचे काम उरते आणि तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. सिलिंडरच्या भिंतीत कापलेल्या पोर्टच्या कडा बोअर करताना ब्लेडसारख्या धारदार होतात. रिंग त्या खिडकीसमोरून जाताना किंचित बाहेर फुगते, आणि कडेला धार असेल तर ती अडकून मोडते. टर्नरनी बारीक घासदगड वाकड्या हँडलला लावून प्रत्येक पोर्टची वरची व खालची कड आतून गोलावली. बोट फिरवल्यावर कुठेही अडखळू नये इतकी. हे काम करताना त्यांनी मशीन बंद केले, रेडिओही बंद केला. नंतर रिंग सिलिंडरमध्ये सरकवून पिस्टनच्या माथ्याने ती सरळ बसवली आणि टोकांमधील फट फीलर गेजने पाहिली, ती ०.२५ मि.मी. आली. जावाच्या पिस्टनवर प्रत्येक रिंगच्या खाचेत एक बारीक पिन असते, जेणेकरून रिंगची टोके फिरून पोर्टसमोर येऊ नयेत. पिनेवर टोके बसली आहेत हे पाहिल्याशिवाय सिलिंडर चढवू नये.

क्रँकची दोन्ही चाके प्रेसवर उघडून नवा रॉड आणि पिन घातली, आणि मग दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजखाली फिरवत तांब्याच्या हातोड्याने ती सरळ केली. गेजचा काटा ०.०२ मि.मी.च्या आत हलतो आहे.

१६ मार्च

यिकोव्ह कार्ब्युरेटर उघडला, जेट रॉकेलने धुऊन फुंकरीने साफ केले. जेटमध्ये तार घालायची नाही. पितळ मऊ असते आणि छिद्र मोठे झाले तर कळतही नाही. फ्लोट गळत नाही. स्लाइड झिजलेली आहे, पण आज तरी चालेल.

६ एप्रिल

टाकीचा गंज विद्युत पद्धतीने काढला. टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा, झाकणाच्या तोंडातून टाकीला न टेकेल अशी सोडलेली साधी लोखंडी सळई, सळईला बॅटरी चार्जरची धन बाजू आणि टाकीला ऋण बाजू, एवढीच मांडणी असते. स्टेनलेस स्टीलची सळई यात कधीही वापरू नये, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे काम उघड्यावर आणि आगीपासून दूर केले. सळईवर गंजाचा थर चढत गेला तसतशी ती काढून घासली. या पद्धतीचा मोठा फायदा असा की ती गंज सोडवते पण निरोगी पत्रा खात नाही, आणि बाहेरच्या क्रोमला व रंगाला धक्का लागत नाही. आम्लाने धुताना थोडे जरी सांडले तरी सोनेरी रेघ गेलीच म्हणून समजा.

टाकीला आतून इपॉक्सीचा थर देण्याचा सल्ला मिळाला होता, तो मी स्वीकारला नाही. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. असे थर त्यात मऊ पडून सोलले जाण्याची शक्यता असते, आणि सोललेला पापुद्रा कॉकमधून कार्ब्युरेटरकडे जातो. इथेनॉल हवेतील ओलावाही धरून ठेवते आणि पाणी जास्त झाले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. त्यामुळे टाकी आतून तेलाचा हात देऊन कोरडी ठेवायची, गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायची, आणि कॉकचे वायसर व पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणाऱ्या रबराची वापरायची, असा निर्णय घेतला.

४ मे

रंगाचा निर्णय मी आजवर लांबणीवर टाकला होता. सीट काढल्यावर तिच्याखाली आणि टाकीच्या पट्ट्याखाली ऊन कधीच न लागलेला मूळ गडद लाल रंग सापडला. उघड्या भागावर तोच रंग विटकरी झाला आहे. टाकीवर मामांच्या रेनकोटच्या बटणांनी पडलेले ओरखडे आहेत, एका बाजूला सोनेरी रेघ गुडघ्याने घासून पुसट झाली आहे. तिच्याखालचा पत्रा मात्र निकोप आहे.

टाकी, हेडलाइटचे कवच आणि बाजूच्या पेट्या मूळ रंगातच ठेवायच्या. त्यांवर बारीक पॉलिश आणि मेण, एवढेच. फ्रेमवर जिथे गंज आहे तिथे तो घासून, गंजरोधक प्रायमर आणि रंग, फक्त तेवढ्याच जागी. मागचे मडगार्ड आणि चेनकव्हरचा खालचा अर्धा भाग मात्र रंगवण्यावाचून गत्यंतर नाही. मडगार्डचा कुजलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा गॅस वेल्डिंगने जोडून घेतला. लांबी (पुटी) भरून खड्डा बुजवणे सोपे होते, पण गगनबावड्याच्या पावसाने जे आतून खाल्ले ते लांबीखाली पुन्हा खाल्ले गेले असते.

शेजारच्या मिस्त्रीकाकांचा या निर्णयाला विरोध आहे. “एवढा खर्च करतोयस तर सगळीच नवी दिसू दे की रे,” असे ते म्हणतात, आणि त्यांची कळकळ खरी आहे. मामांना विचारले तेव्हा ते टाकीवरून हात फिरवत एवढेच म्हणाले, “ही अशीच बरी.”

नव्या रंगासाठी नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे एनसी रंग निवडला. टू-पॅक पॉलियुरेथेन अधिक टिकाऊ असतो आणि पेट्रोलही सोसतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि घरच्या शेडमध्ये साध्या मास्कवर ते काम करणे फुप्फुसांना घातक आहे. मडगार्डला पेट्रोल लागण्याचा प्रश्न नाही, आणि एनसी रंगाची चमक जुन्या रंगाशेजारी विजोड दिसत नाही. मात्र हा रंग दमट हवेत मारला तर पांढुरका पडतो, म्हणून रंगकाम पावसाळ्यानंतरच करायचे.

१५ जून

पाऊस लागला आहे. हे दिवस विजेच्या कामाला दिले.

जावाची मूळ व्यवस्था ६ व्होल्टची असून उजव्या बाजूला क्रँकच्या टोकावर डायनॅमो बसतो, आणि ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंटही तिथेच आहेत. ती बदलून १२ व्होल्ट करण्याचे तयार संच मिळतात आणि रात्री वरचेवर प्रवास करणाऱ्याने ते जरूर घ्यावेत; मला त्याची गरज नाही. ६ व्होल्टची बदनामी पुष्कळदा व्होल्टमुळे नसून वायरींमुळे झालेली असते. तितक्याच वॉटच्या दिव्याला १२ व्होल्टच्या तुलनेत दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून बारीक वायर, गंजलेली अर्थिंग आणि सैल टर्मिनल यांचा फटका इथे अधिक बसतो. जाड तांब्याच्या वायरीची नवी माळ मूळ रंगसंगतीप्रमाणे बांधली, हेडलाइटपासून बॅटरीपर्यंत वेगळी अर्थिंगची वायर नेली, आणि प्रत्येक जोड पत्रा चकाकेपर्यंत घासून घट्ट केला.

आर्मेचरचे कम्युटेटर लेथवर अगदी पातळ छाटून घेतले आणि तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रक करवतीच्या पात्याच्या तुकड्याने खोल केला, नवे कार्बन ब्रश टाकले. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या डायनॅमोच्या गाभ्यातील उरलेले चुंबकत्व नाहीसे होऊ शकते, मग तो फिरूनही वीज देत नाही. बॅटरीचा क्षणभर स्पर्श फील्डच्या वेटोळ्याला देऊन ते परत आणले.

२० जुलै

दोन्ही ब्रेकचे ड्रम उघडले. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते, म्हणून धूळ न फुंकता ओल्या फडक्याने पुसली आणि फडके पिशवीत बंद केले. नवे लायनर चिकटवून घेतले. १६ इंची रिमांवरील क्रोम पुन्हा चढवणार नाही. निपलजवळचे ठिपके तेल व बारीक स्टीलवूलने उतरले तेवढे पुरेसे आहे.

सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काजळीने बुजल्या होत्या. त्या लोखंडी असल्याने कॉस्टिक सोड्यात भिजवल्या. ॲल्युमिनियमचा कोणताही भाग त्या बादलीजवळ नेऊ नये. जाळ्या काढून गाडी चालवणारे पुष्कळ आहेत, परंतु आवाजाबरोबर इंजिनाची ओढही त्यांच्यावर अवलंबून असते.

२४ ऑगस्ट

इंजिन जुळवले. क्रँककेसचे अर्धे भाग गरम करून आणि बेरिंग फ्रीझरमध्ये थंड करून बसवले. ॲल्युमिनियम अधिक प्रसरण पावत असल्याने बेरिंग हाताने आत उतरते, ठोकावे लागत नाही.

यानंतर हवाबंदपणाची चाचणी घेतली. दोन एक्झॉस्ट आणि एक इनलेट अशी तिन्ही तोंडे जाड रबर व लोखंडी पट्ट्यांनी बंद केली, आणि स्पार्क प्लगच्या जागी जुन्या प्लगच्या कवचात नळी बसवून तिला घरातील रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा फुगा व घड्याळ जोडले. त्या घड्याळावरील पाऱ्याचे ३०० मि.मी. म्हणजे सुमारे ०.४ बार, या कामाला नेमका तेवढाच दाब पुरतो, आणि हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरने मात्र नवे सील बाहेर फेकले जातील. काटा ३००वर नेला आणि तो हळूहळू उतरू लागला. साबणाचा फेस लावत गेलो. सील कोरडे होते, सिलिंडरच्या पायथ्याशी पॅकिंगच्या एका कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढे बुडबुडे येत होते. सिलिंडर उचलून पाहिला तेव्हा क्रँककेसच्या त्या कोपऱ्यावर जुना ओरखडा दिसला. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर लावून घासायची पट्टी तयार केली, तिने तो पृष्ठभाग सपाट करून नवे पॅकिंग घातले. दुसऱ्या वेळी काटा चहा होईपर्यंत जागचा हलला नाही.

९ नोव्हेंबर

परतीचा पाऊस ओसरून हवा कोरडी झाल्यावर मडगार्ड आणि चेनकव्हर रंगवले. सीटखाली सापडलेल्या रंगाशी नमुना जुळवून घेतला होता. टाकीशेजारी धरल्यावर नवा रंग किंचित गडद वाटतो, आणि तसाच तो असायला हवा.

२३ नोव्हेंबर

पॉइंटची फट ०.४ मि.मी. ठेवली. प्लगच्या छिद्रात डायल गेज आणि पॉइंटला छोटा दिवा जोडून टायमिंग माहितीपुस्तिकेप्रमाणे लावले. पॉइंट नेमके कुठे उघडतात ते दिवा सांगतो. क्लचचा स्क्रूही आज जुळवला. या मॉडेलमध्ये गिअरचा दांडा हलताच आतील कॅम क्लच आपोआप उचलतो आणि चालत्या गाडीत हँडलवरचा लिव्हर न दाबताही गिअर पडतो. तो स्क्रू घट्ट राहिला तर क्लच घसरतो आणि सैल राहिला तर गिअर करकरतो.

एका लिटरला ५० मि.लि. टू-टी तेल, म्हणजे नेहमीच्या २५ला १ या प्रमाणापेक्षा थोडे जास्त, घालून कार्ब्युरेटर भरला. थोड्या किका मारल्यावर इंजिन लागले. दोन्ही सायलेन्सरमधून आधी भरपूर धूर आला आणि मग तो पातळ होत गेला. मामा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, ॲक्सिलरेटर सोडल्यावर जो संथ, तुटक ठेका ऐकू येतो तो ऐकून त्यांनी विचारले, “डावा सायलेन्सर जास्त फेकतोय का रे?” खरोखरच डाव्या बाजूच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल होता.

३० नोव्हेंबर

कागदपत्रांचा विचार केला. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकींना विंटेज म्हणून नोंदवता येते. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. ही गाडी मला महिन्यातून दोनदा तरी गगनबावड्याच्या रस्त्याला न्यायची आहे, म्हणून सध्या नेहमीच्या नोंदणीचेच नूतनीकरण करून घेत आहे.

१४ डिसेंबर

कळे गावापर्यंत जाऊन आलो. वेग मुद्दाम कमी ठेवला, एकाच वेगात फार वेळ चालवले नाही, आणि मध्ये थांबून इंजिन थंड होऊ दिले. परतल्यावर प्लग काढून पाहिला तर पोर्सेलीन अपेक्षेपेक्षा फिकट, जवळजवळ पांढरे होते. हवाबंदपणाची चाचणी झालेली असल्याने गळतीचा संशय घेतला नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ पडते. मुख्य जेट एक आकार मोठा घातला, तोच रस्ता पुन्हा केला, आणि आता प्लगचा रंग फिक्या बिस्किटासारखा आला आहे.

इंजिन थंड झाल्यावर हेडचे नट तिरपे, आळीपाळीने पुन्हा आवळले. सीटची शिवण आणि स्पीडोमीटरची केबल ही दोन कामे शिल्लक आहेत. केबल मागवली आहे.